मेव्हण्याकडे गेलेली रायफल

मी मत्सरी माणूस आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर एका जुन्या रायफलीमुळे कळलं.

लंडनच्या पिनर उपनगरातला मराठी डॉक्टर हरणांच्या शिकारीला जातो म्हटलं की आमच्या मंडळातले लोक अजून हसतात. हा नाद मला आमच्या हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या एका इंग्रज सर्जनने लावला. माझ्या मागोमाग माझा मेव्हणाही आला. इथेच जन्मलेला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि नेम माझ्यापेक्षा चांगला. तेही मला खुपायचंच.

त्या म्हाताऱ्या सर्जनची बोल्ट-ॲक्शन रायफल मला फार आवडायची. अक्रोडाचा दस्ता गाल टेकून टेकून काळा पडलेला. त्याचे डोळे अधू झाल्यावर एका सकाळी, त्याच्याच किचनमध्ये, त्याने विचारलं, "ही विकतोय. तुला हवी का?"

"छे छे, नको, राहू दे!" माझ्या तोंडून आपोआप निघालं. पंगतीत ताटावर आडवा हात धरून जिलबी नाकारावी, तसं. वास्तविक माझ्या फायरआर्म सर्टिफिकेटवर आणखी एक रायफल घ्यायची परवानगी होती, लोखंडी कपाटात जागा होती, आणि मनात तर दुसरं काहीच नव्हतं. तो पुन्हा विचारेल म्हणून मी थांबलो. त्याने चहा ओतला.

दोन आठवड्यांनी मेव्हण्याचा फोन. "भावोजी, गेस व्हॉट! ओल्ड मॅनचा रायफल मी घेतला!"

मी तोंडभरून अभिनंदन केलं आणि फोन ठेवून बायकोवर उगाचच डाफरलो. पुढची तीन वर्षं ती रायफल त्याच्या खांद्यावर पाहत होतो. त्याचा नेम चुकला की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू! म्हातारा वारला त्या दिवशीही, दुःखाच्या जोडीला, ती आठवण मेव्हण्याकडे राहिली म्हणून माझा जळफळाट झाला.

गेल्या वर्षी मेव्हण्याने नवी, हलकी रायफल घ्यायचं ठरवलं. जुनी तुम्हाला देऊ का, हे त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. "हवी!"

तो घरी आला. जेवणाच्या टेबलावर, इथल्या नियमाप्रमाणे, माझ्या सर्टिफिकेटवर त्याने रायफलीचा नंबर भरला, सही केली. मी बोल्ट मागेपुढे करत लहान मुलासारखा खूश झालो होतो.

"ॲक्चुअली, भावोजी," पेन खिशात ठेवत तो म्हणाला, "मला द्यायच्या आधी ओल्ड मॅन बोललेला, तुझ्या भावोजींना परत एकदा विचारून ये. तुमचे लोक पहिल्यांदा नकोच म्हणतात. मी बोललो, नाही हो, माझे भावोजी एकदम स्ट्रेट आहेत. नो म्हणजे नो."

बायकोने आतून विचारलं, चहा टाकू का. मी लगेच "हो, टाक" म्हटलं. म्हाताऱ्याने मला बरोबर ओळखलं होतं. ते बोलणं माझ्याबद्दलचं होतं, आणि ऐकायला मिळालं होतं मेव्हण्याला.