दुपारचं कुलूप

भेटायला येणाऱ्या माणसांचा मला जितका राग आला, तितका ह्यांच्या कॅन्सरचाही आला नसेल. कॅन्सर निदान चहा तरी मागत नव्हता.

हे म्हणजे माझे यजमान. एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून सगळी नोकरी केली, निवृत्त झाल्यावर बंगलोरात हेब्बाळच्या पलीकडे छोटंसं घर बांधलं. लग्न करून बंगलोरला आलो ते आम्ही इथलेच झालो. दुकानात कन्नड, घरात मराठी आणि सणावाराला मराठी मंडळ. ह्यांना माणसांचं भारी वेड. गणपतीत फेटा बांधून दारात उभं राहायचं आणि येईल त्याला "जेवून जा" म्हणायचं, हे ह्यांचं काम. ते जेवण कोण रांधायचं, हे काही सांगायला नको.

आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला आणि डॉक्टरांनी केमो थांबवली, तेव्हा हे मला म्हणाले, "मला आता घरीच राहू दे. नळ्या लावून हॉस्पिटलात मरायचं नाही. तेवढं एक कर." मी हो म्हणाले. असल्या वेळी दुसरं काय म्हणणार माणूस? पण त्या एका "हो"मध्ये काय काय येतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. कूस बदलायची, पाठ पुसून पावडर लावायची, डायपर बदलायचं, औषधांच्या वेळा सांभाळायच्या, पेज गाळून चमच्याने भरवायची आणि त्यांनी ती थुंकली की चादर बदलायची. मदतीला बाई ठेवली होती. ह्यांनी तिला अंगाला हात लावू दिला नाही. मग एक माणूस ठेवला, त्यालाही नाही. "मला परक्याचा हात नको." मी मात्र रात्रंदिवस चालणारी घरची. एरवी जगाला मिठी मारणारा माणूस, ऐन गरजेला एवढा सोवळा झाला.

आणि ते "अगं". पाणी हवं, अगं. उशी सरकली, अगं. पडदा ओढ, अगं. काही नको, नुसतं कुठे आहेस बघत होतो, अगं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीतही मला "अगं" ऐकू यायला लागलं. एकदा मी ओट्याला टेकून उभ्या उभ्या झोपले. दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच चालू राहिला. घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्या दिवशी वास आला म्हणून बरं. त्यांनी आधी खिडक्या उघडल्या, मग मला खुर्चीवर बसवून स्पष्ट सांगितलं. "तुम्हाला झोप मिळाली नाही तर तुम्ही आडव्या व्हाल. तुम्ही आडव्या झालात तर मला ह्यांना ॲडमिट करावं लागेल. दुसरा रस्ता नाही."

म्हणजे ह्यांचं घरी राहणं माझ्या झोपेवर येऊन ठेपलं होतं. आणि झोपेची वेळ एकच होती. दुपारचं औषध पोटात गेलं की दोन ते चार हे शांत पडायचे. रात्री ती सोय नव्हती. तेवढे दोन तास मला मिळाले असते, तर मी निभावून नेलं असतं.

पण नेमक्या त्याच वेळेला माणसं यायची. त्याचं कारणही अस्सल इथलंच. सकाळी ऑफिसची गर्दी, संध्याकाळी हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर गाड्यांच्या रांगा, मग रस्ता मोकळा कधी, तर दुपारी. मंडळातली झाडून सगळी निवृत्त माणसं हा हिशोब करून बरोबर दोनला घंटी वाजवायची. कोरमंगलाहून एक तरुण जोडपं यायचं, पुण्याचं, आयटीतलं. आल्या आल्या सोफ्यावर पसरायचं आणि म्हणायचं, "काकू, काय ट्रॅफिक हो, जीव गेला." ह्यांच्या खोलीच्या दारात बसून जीव गेला म्हणत होती लेकरं. मी पोहे टाकायला उठायची.

हो, पोहे. मला कुणी विचारेल, कशाला करत होतीस? कारण आतून हाक यायची, "अगं, काही खायला दे त्यांना, इतक्या लांबून आलेत." आणि दारात माणूस दिसला की ह्यांच्या अंगात वारं भरायचं. उशीला टेकून बसायचे, "मी एकदम मस्त" म्हणायचे, जुन्या कारखान्यातले किस्से सांगायचे. माणसं निघून गेली की दिवा विझावा तसे कोसळायचे, मग उलट्या, मग चादरी. येणाऱ्यांना मस्त माणूस भेटायचा. उरलेला माझ्या वाट्याला.

त्यात सल्ले. कुणी गव्हांकुराचा रस सांगे, कुणी कुठल्या डोंगरावरचा वैद्य. "पॉझिटिव्ह राहा, वहिनी." आणि "कमाल आहे हो तुमची" असं म्हणता म्हणता रिकामा कप माझ्यापुढे धरायचे. पुण्याहून लेक फोनवर म्हणायची, "आई, स्वतःला वेळ दे." ती महिन्यातून एकदा धावत येऊन जायची बिचारी, नोकरी आणि दोन पोरं सांभाळून. पण त्या वाक्याने माझं पित्त खवळायचं. वेळ काय कपाटात घडी घालून ठेवला होता मी?

सगळ्यांत नेमाने यायचे ते ह्यांचे कारखान्यातले मित्र. मी त्यांना भावजी म्हणते. येताना दोन शहाळी हमखास. ती फोडायची कुणी, तर मी. एकदा कोयता घेऊन मागच्या अंगणात मी शहाळं फोडत होते, तेव्हा पलीकडच्या अक्कांनी भिंतीवरून पाहिलं. अक्का कन्नड, वीस-बावीस वर्षांचा शेजार. त्यांनी आधी नेहमीसारखं "ऊटा आयता?" विचारलं. मी जेवले नव्हते, ते त्यांना तोंडावरूनच कळलं. म्हणाल्या, "दुपारी पुढच्या दाराला बाहेरून बीग हाकिबिडी. कुलूप लावून टाका हो. मागच्या दाराने आत या आणि स्वल्प झोपा. मी तर वर्गणीवाले आले की तेच करते."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, कारण आमच्या घराला दिवसाढवळ्या कुलूप कधी लागलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी जेवणं आटोपून पुढच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, चपला उचलून आत घेतल्या, माझा फोन बंद केला, ह्यांचा आवाज बंद करून उशीशी ठेवला, घंटीचं बटण बंद केलं आणि घराला वळसा घालून मागून आत आले. ह्यांना काही सांगितलं नाही. चोरासारखी ह्यांच्याच खोलीत सतरंजीवर आडवी झाले.

त्या सकाळी ह्यांच्या पोटात साठलेलं पाणी काढायला अॅम्ब्युलन्सने हॉस्पिटलात नेऊन परत आणलं होतं. नेताना सगळ्या गल्लीने पाहिलं. आणताना कुणाचं लक्ष नव्हतं. दोन वाजता भावजी शहाळी घेऊन आले. पाहतात तो दाराला कुलूप. चपला नाहीत. घंटी मुकी. माझा फोन बंद, ह्यांचा कुणी उचलत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सांगितलं, सकाळी अॅम्ब्युलन्स आली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घराला कुलूप, म्हणजे काय झालं असणार? भावजींनी रस्त्यावर उभ्या उभ्याच मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं.

मला जाग आली ती कुणाच्या तरी हसण्याने. हे हसत होते. पोट धरवत नव्हतं म्हणून छाती धरून. स्वतःचा फोन माझ्यापुढे केला. "अगं, वाच. मी गेलो."

ग्रुपभर हात जोडलेले होते. कुणी ह्यांचा फेट्यातला फोटो टाकला होता. उमदा माणूस, सदा हसतमुख, मंडळाचा आधारस्तंभ, आत्म्यास शांती लाभो. कोरमंगलाच्या जोडप्याने लिहिलं होतं, काकांच्या घरून कधी कुणी उपाशी परतलं नाही. मी सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत. त्या आधारस्तंभाला रोज उचलून बसवतं कोण, ह्याबद्दल एक अक्षर नव्हतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "आता त्या लोकांना उत्तर देऊ नका. राहा चार दिवस मेलेलेच." हे आणखी हसले.

तेवढ्यात जाळी वाजली. खिडकीतून पाहिलं तर दारात भावजी, मंडळाच्या सेक्रेटरीबाई आणि आणखी दोघी. प्रत्येकीच्या हातात डबा. काय असणार ते मला लगेच समजलं. आपल्यात गेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात. तीन घरचं पिठलं माझ्या दारात आलं होतं.

मी मागून वळसा घालून पुढे आले. अनवाणी, केस सुटलेले, हातात किल्ली. सेक्रेटरीबाईंनी मला मिठी मारायला हात पसरले. मी म्हटलं, "आहेत ते. आत आहेत. तुमचे मेसेज वाचताहेत."

भावजींच्या हातातली शहाळ्याची पिशवी खाली पडली. त्या दोघींतली एक "अरे देवा" म्हणाली. सेक्रेटरीबाईंनी डबा पदराआड घेतला. "अशुभ दिसतं हो वहिनी, हे परत नेते मी."

मग मात्र मला आवरलं नाही. मी डबा त्यांच्या हातातून ओढून घेतला. "इतके महिने तुम्ही माझ्या घरी पोहे खाल्लेत," मी म्हटलं. "मी जेवले का, हे ह्या पलीकडच्या अक्कांखेरीज कुणी विचारलं नाही. आज माणूस मेला म्हटल्यावर तासाभरात पिठलं येतं. म्हणजे तुम्हाला येतं सगळं. पिठलं करता येतं, वेळ काढता येतो, डबा उचलून आणता येतो. फक्त त्यासाठी आधी कुणाला तरी मरावं लागतं. मी झोपले नाही तर ह्यांना हॉस्पिटलात न्यावं लागेल, आणि त्यांना तिथे मरायचं नाहीये. मला झोपू देत नाही आहात तुम्ही. कळतंय का?" सेक्रेटरीबाई रडायला लागल्या. मी म्हटलं, "रडू नका, तुमची समजूत घालायला माझ्यात ताकद नाही."

आतून बारीक आवाज आला. "अगं, गरम आहे का?"

पेजेचा चमचाही परतवणाऱ्या माणसाने स्वतःच्या सुतकाचं पिठलं दोन घास खाल्लं. वर म्हणाले, लसूण कमी आहे. मी तिथेच जमिनीवर बसून उरलेला डबा संपवला. दुसऱ्याच्या हातचं गरम अन्न किती दिवसांनी पोटात जात होतं. चौघं जणं भिंतीला पाठ लावून आमच्याकडे बघत उभी होती.

त्यानंतर मी नियम घातले. दुपारी दोनला एकच माणूस, मागच्या दाराने. येताना डबा आणायचा, जाताना कालचा न्यायचा. चहा नाही, माझ्याशी बोलणं नाही. ह्यांच्याजवळ खुर्चीवर बसायचं, मी चारपर्यंत पलीकडच्या खोलीत दार लावून झोपणार. ह्यांनाही बजावलं, त्या वेळात तुमचं "अगं" मला ऐकू येणार नाही. हे रुसले. मग परक्याचा हात चालायला लागला, निदान भावजींचा तरी. माणसं मुकाट्याने यायला लागली, हे खरं. पण जे मागायला नको होतं ते ओरडून मागावं लागलं, हे माझ्या मनातून गेलं नाही. झोपून उठलं तरी अंग ठणकायचं, पण मी पडले नाही आणि हे घरीच राहिले.

अशाच एका दुपारी खुर्चीवर भावजी होते. मला जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन उतरलं होतं. चार वाजून गेले होते आणि कुणी दार वाजवलं नव्हतं. मी ह्यांच्या खोलीत आले. भावजी ह्यांचा हात हातात धरून बसले होते.

"मघाशीच," भावजी म्हणाले.

"मघाशी म्हणजे? मला उठवलं का नाही?"

"श्वास बदलला तसा मी उठलो होतो, वहिनी. तुम्हालाच बोलवायला निघालो होतो. त्यांनी मनगट धरलं माझं. म्हणाले, झोपली आहे, झोपू दे तिला."

मी त्या भल्या माणसाला तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी ह्यांचा हात सोडला नाही. मग मी ह्यांना बोलले. जन्मभर उशी सरकली तरी हाक मारलीत, पडद्यासाठी मारलीत, कारण नसताना मारलीत. आणि हीच एक तेवढी गिळलीत. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मग आठवलं, मीच सांगितलं होतं.

संध्याकाळी पिठलं-भात आला. ह्या वेळी अशुभबिशुभ कुणी म्हणालं नाही. मी खाल्लं.

लोक अजून विचारतात, शेवटच्या क्षणी तुम्ही जवळ होता ना. मी सांगते, नव्हते. पलीकडच्या खोलीत झोपले होते, गाढ. कित्येक महिन्यांत तशी झोप लागली नव्हती. ती ह्यांनी मला दिली, आणि ती परत करायची काही सोय ठेवली नाही, ह्याचा मला अजून राग येतो.