ठमाबाईने दाबलेलं बटण

माझ्या कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानात एक पाटी लावलेली आहे. ‘कॅमेऱ्याला हळद-कुंकू लावू नये. लावल्यास रडत येऊ नये.’ पेणच्या बाजारात येणारे-जाणारे ती वाचून हसतात. हसा बापडे! दसरा झाला की हेच हसणारे तोंड पाडून माझ्या काउंटरवर उभे राहतात. ‘कमळाकरदादा, फोटो काळा येतोय.’ येणारच! वर्षभर जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यांत गणपतीचे फोटो काढताना प्लास्टरची धूळ आत घ्यायची आणि वर खंडेनवमीला कॅमेरा पाटावर मांडून त्याला चिमूटभर कुंकू चारायचं. मशीन आहे की म्हसोबा? मी असाच बोलतो. बायको म्हणते, तुमच्या जिभेने गिऱ्हाईक पळतं. पळू दे.

ठमाबाई पळाली नाही.

ती रोह्याजवळच्या कातकरवाडीतली. पावसाळ्यात लावणी, एरवी नदीवर मासे-खेकडे, आणि तरुणपणी नवऱ्याबरोबर वीटभट्ट्यांवर हिंडलेली. नवरा शिवा भट्टीवरच खोकून खोकून गेला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी ती रोह्याच्या गाडीने आली आणि धुवट लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं तिने काउंटरवर ठेवलं. गाठ सोडली तर आत रीलचा जुना कॅमेरा, आणि त्याच्यावर कुंकवाचा हा थर! बटणावर, लेन्सच्या कडेला, बिजागरीत. माझं डोकंच फिरलं.

“हे कुणी केलं?”

“मी,” ती म्हणाली. चांगली मान वर करून. “दर दसऱ्याला करते. एकपन चुकवला नाय.”

“अगो मावशी, पूजा केलीस की पुरलंस त्याला?”

कॅमेऱ्याखालचं फडकं तिने सारखं केलं आणि मग म्हणाली, “पोराचा हाय, दादा. पोरगा नाय आता. आत रील तशीच हाय. त्यात त्याचा फोटो हाय. तेवढा काढून दे.”

मी स्टूल पुढे सरकवलं आणि चहा सांगितला.

पोराचं नाव निलेश. शाळा सुटल्यावर रोह्याच्या एका स्टुडिओत लाईट धरायला लागला. मालकाने धंदा गुंडाळला तेव्हा हा कॅमेरा निलेशला दिला. सगळीकडे डिजिटल आलं होतं, पण हा गडी रील भरून वाडीत फिरायचा. म्हातारी माणसं, बाळंतिणी, भांडखोर कोंबडे, काही सोडलं नाही. आज वाडीत ज्यांच्या ज्यांच्या घरी मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर आहे, तो निलेशने काढलेला. आणि त्याच्या स्वतःच्या घरची भिंत मोकळी. फोटो काढणाऱ्याचा फोटो कोण काढणार?

“मतदार कार्डावर असेल की,” मी म्हणालो.

“तो माझा निलेश नाय. कुनी तरी चोर पकडून आनलाय तसा दिसतो.” ती हसली आणि लगेच थांबली. “दादा, माझे डोले गेले, मोतीबिंदू हाय म्हनतात. त्याचं काय नाय. पन आता डोले मिटले तरी तो दिसत नाय. आवाज येतो, चालताना पाय कसा टाकायचा ते आठवतं, तोंड नाय आठवत. आईला पोराचं तोंड आठवत नाय, सांग बरं!”

मग तिने तो दसरा सांगितला. पूजा झाल्यावर निलेशने पाटावरचा कॅमेरा उचलून तिच्या हातात दिला. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं, म्हणून ती ओरडली. तो म्हणाला, “एकदाच. मी दारात उभा राहतो. या भोकातून बघ आनि दाब.” तिने एक डोळा मिटून बघितलं. दारात उजेडात तो उभा होता आणि खो खो हसत होता, कारण आईने कॅमेरा आधी उलटा धरला होता. तिने दाबलं. खट् वाजलं. “माझ्या सगल्या जल्मात मी एकच फोटो काढला,” ती म्हणाली. कॅमेऱ्याला सुट्टी म्हणून तो घरीच ठेवून निलेश दुपारी मित्राच्या गाडीवरून कोलाडला सोनं वाटायला गेला. हायवेवर गाडी घसरली. आपट्याची पानं खिशातच राहिली.

“मग इतकी वर्षं का नाही आणलास?”

“वाटलं, उघडला की आतला निघून जाईल.”

तसं बघितलं तर तिचं चूकही नव्हतं. उजेडात झाकण उघडलं असतं तर खरंच गेला असता. मी काळी पिशवी काढली. दोन बाह्यांतून हात आत घालायचे, आत मिट्ट अंधार, बोटांनीच सगळं बघायचं. ती पुढे वाकली तर ओरडलो, “हात नको लावूस!” आत चाचपून फिल्म डबीत गुंडाळली, डबी बंद केली, तेव्हा कुठे श्वास सोडला. फिल्म शाबूत होती. ठमाबाईने डबी दोन्ही हातांत घेतली आणि कपाळाला लावली. मला वाटलं, झालं काम.

तिथे थांबायला हवं होतं. पण नवे सेल घालून बघितले तर कॅमेरा बिघडलेला, आणि ती विचारून बसली, “यो बिघडला कशानं?” आणि मला शिकवायची खाज. कॅमेरा खोलत खोलत मी सांगायला लागलो.

“हे बघ, फिल्मच्या तोंडाशी दोन पडदे असतात. दोघांना मागून स्प्रिंग ओढत असते, दोघे सुटायला टपलेले. त्यांना धरून ठेवतो चुंबक. साधा नाही, विजेचा. सेलचा करंट आहे तोवर तो चुंबक, करंट तुटला की नुसतं लोखंड. बटण दाबलं की पहिल्याचा करंट तुटतो, तो पडदा सुटतो, उजेड आत. पापणी लवायच्या आत दुसऱ्याचा तुटतो, तो येऊन उजेड बंद करतो. त्या मधल्या वेळात फोटो.”

“म्हंजे चुंबक वढत नाय?”

“नाही गो. वेळ येईस्तोवर धरून ठेवायचं आणि मग सोडायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याचं तोंड आरशासारखं स्वच्छ पाहिजे. मधे एक कण आला की पकड ढिली. मग दुसरा पडदा थांबतच नाही, पहिल्याच्या पाठीला लागून सुटतो. उजेडाला फटच मिळत नाही.”

“आनि आवाज?”

“आवाज येतो. खट् वाजतं, माणसाला वाटतं निघाला फोटो.”

तेवढ्यात पडद्यांची पेटी बाहेर आली. भिंग डोळ्याला लावलं. पहिल्या पडद्याचा चुंबक लख्ख. दुसऱ्याच्या तोंडावर लाल कण बसलेले, कोकणातल्या दमट हवेने घट्ट झालेले. मी स्वतःशी म्हटलं, नंतरच्या वर्षांचं असेल. पण नंतरचं कुंकू सगळं बाहेर होतं. लेन्स लावलेली असताना ते इथवर येईलच कसं?

“मावशी, हे पुढचं नळकांडं कधी काढलेलं?”

“निलेशनंच काढलं होतं, पूजेला. दोन्ही वेगवेगली मांडली. तोंड उघडं दिसलं म्हनून मी तोंडालाच कुंकू लावलं. तो म्हनाला, ‘आये, त्याला खायला घालतेस का?’ फुंकर मारली, परत बसवलं आनि माझ्या हातात दिला. तवापास्नं कुनी काढलं नाय.”

मी भिंग खाली ठेवलं. पूजा आधी, बटण नंतर. मला कळायचं ते कळलं. म्हटलं, कमळाकर, आयुष्यात एकदा तरी तोंड बंद ठेव. एवढ्याशा चुंबकाने एखाद वेळी पकड धरलीही असेल. कण त्या क्षणी बाजूला असेल. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण त्या दिवशी कुणाला तरी हात जोडले.

रील धुणारा पेणमध्ये आता कुणी नाही, म्हणून मुंबईला पाठवली. फोटो यायला दसरा उजाडला. मी ते दुकानातच बघितले. रंग उडालेले, पण माणसं दिसत होती. वाडीतली पोरं, नदी, जाळं झटकणारा कुणी म्हातारा. मग ठमाबाई, पूजेचं ताट घेऊन येताना, केस काळे, कॅमेऱ्यामागच्या माणसाला काहीतरी दटावताना. आणि त्याच्यापुढचा कागद काळाकुट्ट. मी तो उजेडात धरला, तिरका करून बघितला. काही नाही. दुकानात एकटाच होतो, रडलो.

कॅमेरा साफ केला होता. तो आणि फोटो घेऊन मीच रोह्याला गेलो. काळा कागद वेगळा काढून खिशात ठेवला. सांगणार होतो, रील जुनी झाली, शेवटचा भाग खराब झाला. खोटं सांगायची तयारी गाडीत बसून केली. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला खोटं बोलायला फार तयारी लागते.

ठमाबाईने दारात पाट मांडून ठेवला होता. फोटो एकेक करून डोळ्यांशी नेऊन बघितले. स्वतःचा फोटो बघून म्हणाली, “बया, किती तरुन होते मी!” आणि हात पुढे केला.

“आता त्याचा दे.”

“मावशी, रील फार जुनी...” म्हणताना माझा हात खिशावर गेला.

“खिशात हाय तो दे.”

दिला. तिने तो कागद डोळ्यांशी नेला. बोट फिरवून बघितलं. मी माझं पाठ केलेलं बोलत होतो, रील, दमट हवा, वर्षं. ती ऐकत नव्हती.

“आवाज आला होता रे,” ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, “तूच सांगितलंस ना. आवाज येतो.”

मी बाकीचे फोटो गोळा करायला लागलो.

“तोंडालाच लावलं मी. बाहेर लावलं असतं तर...”

“तसं काही नसतं, मावशी.”

“व्हय, नसतं,” ती म्हणाली. माझी समजूत घालत होती ती! माझी! त्या क्षणी मला माझ्या पाटीचा, भिंगाचा, सगळ्या हुशारीचा संताप आला.

तिने काळा कागद भिंतीला टेकवून ठेवला. मग पाटाकडे वळली. मी साफ केलेला कॅमेरा तिथे ठेवला. तिने फूल वाहिलं, लांबून, बोटं लागणार नाहीत असं. कुंकवाची चिमूट घेतली आणि हात मध्येच थांबवला. माझ्याकडे बघितलं.

उभ्या पेण-रोह्याला मी ज्याच्यासाठी शिव्या घातल्या, तेच मी बोललो, आणि मनापासून बोललो. “लाव गो, मावशी. बाहेर, कॅमेऱ्यावरच्या कातड्यावर लाव. काही होत नाही. झालं तर मी आहे ना.”

तिने मान हलवली. चिमूट हळूच परत कुयरीत टाकली आणि बोटं पदराला पुसली, एकेक करून, स्वच्छ.

“नको, दादा,” ती म्हणाली. “तो परत ‘दाब’ म्हनाला तर?”