शनिवारच्या सात मुठी

मला प्रार्थना करता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. जन्म ख्रिस्ती घरातला, लग्न ख्रिस्ती घरात, ढोकीला नांदायला येऊन चाळीस वर्षं झाली, चर्चमधली रविवारची माझी जागासुद्धा ठरलेली. पण घरात प्रार्थना म्हणजे मालकांचं काम. त्यांनी आयुष्यभर उसाचा ट्रॅक्टर चालवला, त्यामुळं बोलायचे ते इंजिनाच्या वर आवाज काढूनच. प्रार्थनाही तशीच. वाटायचं, देव पार पलीकडच्या बांधावर उभा आहे आणि हे त्याला इकडून हाक मारायलेत. मी आपली भाकरी थापता थापता शेवटी "आमेन" म्हणायची, की झाली माझी भक्ती.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत आहे. घरोघरी एक डबा दिलेला असतो. सकाळी स्वयंपाकाला हात लावायच्या आधी बाईनं डोक्यावर पदर घ्यायचा, प्रार्थना करायची आणि एक मूठ ज्वारी त्या डब्यात टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे डबे चर्चमध्ये एकाच पोत्यात रिकामे होतात आणि ते धान्य कुणातरी अडचणीतल्या घरी जातं. रोज एक प्रार्थना, रोज एक मूठ. मला तेवढंही जमत नव्हतं. कधी नळाला पाणी आलेलं, कधी दूधवाला दारात. मग मी शनिवारी संध्याकाळी डबा पुढ्यात घ्यायची, सात मुठी एकदम टाकायची आणि एक मोठा आमेन म्हणायची. धान्य तर पुरं झालं ना, मग देवाची काय तक्रार!

एकदा शेजारची रबियाआपा उंबऱ्यात बसून हे बघत होती. तिची नमाज कधी चुकत नाही. हसून म्हणाली, "काय वो बाई, आठवड्याचं जेवण बी शनिवारीच जेवता का?"

"तुमचं बरंय आपा, तुम्हाला अजान उठवती. मला कोण उठवणार?"

"मी उठवते की! पर मग शिव्या नका देऊ."

दोघी हसलो आणि विषय तिथंच राहिला.

मग मालकांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, पाय गेला, आणि तो ट्रॅक्टरवरचा आवाज, तोही गेला. धाराशिवच्या दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता सगळं खाण्यावर आणि हालचालीवर आहे. पण हे भिंतीकडं तोंड करून पडायचे. घास पुढं केला की ओठ मिटून घ्यायचे. त्यांना जगायचंच नव्हतं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला ते सांगावं लागत नाही. खाटेवर माणूस रोज थोडा थोडा आटत होता. घरातला प्रार्थना करणारा गप्प झालेला, आणि मी "प्रभू" म्हणायची नि तिथंच अडायची. पुढं शब्दच येईनात.

त्याच आठवड्यात चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी रिक्षातून एक पोतं घेऊन आल्या. चर्चचं धान्य, या महिन्याचं, आमच्या घरी. मी शरमेनं नको नको म्हणायला लागले. त्या म्हणाल्या, "बाई, ही नुसती ज्वारी नाही. तीस घरांच्या सकाळच्या प्रार्थना आहेत. दळा आणि खावा."

त्या गेल्यावर मी सूप घेऊन निवडायला बसले. कुठं पांढरी टपोरी ज्वारी, कुठं बारीक, कुठं पावसात भिजून काळी पडलेली, ज्या त्या घराची वेगळी. निवडता निवडता हात थांबला. यात माझ्या शनिवारच्या मुठीही होत्या की! बाकीच्या बायकांनी सकाळी डोळे मिटून एका न बघितलेल्या घरासाठी देवाकडं मागितलं होतं, आणि ते घर आमचं निघालं. मी त्या घरासाठी काय मागितलं होतं? काहीच नाही. सुपावर वाकून रडले. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आपण आजच्यापुरती भाकर मागतो, आठवड्याची मागत नाही. लहानपणापासून तोंडपाठ होतं, कळलं मात्र त्या दिवशी.

रबियाआपाला जाऊन म्हणाले, "उद्यापासून उठवा, शिव्या देत नाही." दुसऱ्या दिवशी तिची पहाटेची, फजरची नमाज झाली आणि आमच्या दारावर थाप पडली. "उठा बाई, तुमचा देव वाट बघायलाय!"

उठले. पदर घेतला आणि डबा नि ज्वारीचं सूप घेऊन मालकांच्या खाटेवर बसले. मोठी प्रार्थना येतच नव्हती. म्हणाले, "बापा, आजचा दिवस तुझा. यांच्या पोटात आज दोन घास जाऊ दे. उद्याचं उद्या बोलते." मग का कोण जाणे, त्यांचा डावा हात धरला आणि ज्वारीत घातला. बोटं हळूहळू मिटली. अशक्तपणामुळं मूठ डब्यापर्यंत जाईस्तोवर निम्मी सांडली. पण सांडलेले दाणे बघायला त्यांनी मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा भिंत सोडली. त्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकर चार घास खाल्ली. मी दोन मागितले होते.

तेव्हापासून मूठ त्यांची आणि प्रार्थना माझी. खालचे दाणे रबियाआपाच्या कोंबड्यांना. ती म्हणते, "माझ्या कोंबड्या बी आता तुमच्या मंडळीत आल्या."

मध्ये लेक-जावई आले होते. त्या गडबडीत मी मनाशी म्हटलं, आजची राहू दे, उद्या दोन टाकू. बघा, जुनी खोड! तेवढ्यात आतून ठण ठण आवाज यायला लागला. मालक डाव्या हातानं डबा बडवत होते. सगळ्यांना उभं ठेवून प्रार्थना केली, आणि शेवटी त्यांच्या वाकड्या ओठांतून आलं, "मेन." अर्धाच शब्द.

डॉक्टर म्हणतात, मुठीचा व्यायाम चांगला झाला. असेल तसंही, मी काही वाद घालत नाही. ते पुरते बरे होतील का, हेही मी आता देवाला विचारत नाही. रोज सकाळी आजचा दिवस त्याच्या हाती देते आणि हलकी होऊन भाकरीला बसते. ज्यांच्या मुठींनी आम्हाला उभं केलं, त्या घरांसाठी आता रोज नाव घेऊन मागते.

आज हे लिहिण्याच्या नादात उशीर झाला. थांबते. आत डबा वाजायलाय.