परिषदेच्या सकाळची दाढी

धुळ्यातला माझा न्हावी दाढी करताना अखंड बोलायचा. मुलगा आखातात तेलाच्या जहाजावर गेला, तिकडे युद्ध पेटलं आणि त्याची बडबड थांबली. त्या सकाळी दुकानातल्या टीव्हीवर ते युद्ध थांबवण्यासाठी देशोदेशींच्या नेत्यांची परिषद चालू होती.

"बठ्ठा मोठा लोके एकजागे बठेल शेतस, कायतरी मार्ग काढतीन," म्हणत त्याने वस्तरा माझ्या गळ्याशी आणला.

तेवढ्यात बातमी आली. बोलणी फिसकटली होती, नेते परत निघाले होते. वस्तरा गळ्यावरच थांबला. मी श्वास रोखून धरला. आरशात त्याचा चेहरा पांढराफटक दिसत होता. मग त्याने सावकाश वस्तरा उचलून मिटला.

"भाऊ, आज ऱ्हाऊ द्या. मना हात थरथरी ऱ्हायना."

अर्ध्या गालावरचा फेस पुसून मी उठलो. मुलाचा फोन आला का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.