सुक्या बोंबलांचा धूर

शेजारची जनाकाकी अजूनही पहाटे समुद्राकडचं दार उघडून सुके बोंबील भाजते. युद्धाच्या दिवसांत किनाऱ्यावर दिवा लावायला बंदी होती. काळोख असा, की खेकडेसुद्धा एकमेकांचा हात धरून चालत, शप्पथ! मग होड्यांना बंदर कळावं कसं? बायकांनी झाकल्या निखाऱ्यांवर बोंबील भाजले आणि सुपांनी धूर समुद्राकडे लोटला. पलीकडच्या खाडीतली मांजरंसुद्धा पोहत आली. वासामागून होड्या परतल्या. काकीच्या नवऱ्याची तेवढी आली नाही.

"काकी, एवढे खाणार कोण?" आज मी विचारलं.

"खायला नाय रे. वारा बरा हाय, सूप घे नि वारा घाल जोरात!"

मी घालू लागलो. धूर पाण्यावर गेला आणि खरं सांगतो, मी वल्ह्याच्या आवाजासाठी कान लावून उभा राहिलो.