तिसऱ्यांदा तोच खडक

काउबॉयचे चित्रपट घोड्यांसाठी न बघता दगडांसाठी बघणारा माणूस अख्ख्या जगात एकच आहे, आणि तो क्योतोत राहतो. माझा नवरा तिथे पीएचडी करत होता तेव्हा त्याच्या संस्थेत ते मोठ्या हुद्द्यावरचे संशोधक होते. खडकांना भेगा कशा पडतात हा त्यांचा विषय. मूळचे पुण्याचे आणि आमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, म्हणून आम्ही त्यांना काका म्हणायचो. बोलायला गोड, स्वयंपाकात ढ, आणि इतके सरळ की त्यांना ‘भाजी कशी झालीय?’ असं विचारायची सोय नाही. एकदा मी विचारलं, तर दोन घास नीट चावून म्हणाले, मीठ जास्त आहे, पण वांगं चांगलं आहे. वांग्याचं श्रेय अर्थातच भाजीवाल्याला.

काउबॉयचे चित्रपट म्हणजे ते नावाजलेले, भव्य वगैरे नव्हेत. काकांचे चित्रपट कृष्णधवल आणि अगदी हलाखीतले. आठवड्याभरात उरकलेले, तासाभरात संपणारे, ज्यात एकाच दाढीवाल्याला आधी दरोडेखोर होऊन मरावं लागतं आणि मग दाढी काढून न्हावी म्हणून कामाला लागावं लागतं. नायकाच्या पिस्तुलातून दम न घेता वीस गोळ्या सुटतात, तो घोड्यासकट दरीत कोसळतो, पण डोक्यावरची हॅट म्हणून हलत नाही. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात असे दहा-दहा चित्रपट असलेले डीव्हीडींचे संच यायचे. दुकानाचे म्हातारे मालक ते काकांसाठी बाजूला काढून ठेवत, आणि काका सायकलच्या टोपलीत कांद्याच्या पातीशेजारी घालून ते घरी आणत.

त्या नटांपैकी एकाचंही नाव काकांना ठाऊक नव्हतं. ‘तो गाणारा’, ‘तो दातात काडी धरणारा’, ‘तो जाड्या, ज्याच्या घोड्याची दया येते’, एवढ्यावर भागायचं. खडकांशी मात्र घरोबा होता. पाठलाग सुरू झाला की काका खुर्चीच्या टोकाला येत. आपण जीव मुठीत धरून नायिका सुटते का ते बघतोय, आणि काका जेवायची काडी टीव्हीवर टेकवून म्हणणार, “बघ, तिसऱ्यांदा तोच खडक.” आणि खरंच की, पुढे दरोडेखोर आणि मागे नायक, दोघंही एकाच टेकाडाला मुकाट्याने प्रदक्षिणा घालत असायचे. चाळीसेक चित्रपट बघून काकांनी त्या टेकाडांचा एक नकाशाही काढला होता. कुठल्या कपारीमागे कोण दबा धरतो, कुठल्या सुळक्यावरून कोण पडतो, सगळं त्यात पेन्सिलीने टिपलेलं. एकदा एक नायक खडकाला टेकून उभा राहिला आणि खडक डुगडुगला. लाकडी चौकटीवर कापड ताणून रंगवलेला होता तो. काकांनी तिथल्या तिथे टीव्ही बंद केला आणि पुन्हा त्या नटाचं तोंड बघितलं नाही.

मला भोचकपणा स्वस्थ बसू देईना. यात तुम्हाला एवढं काय सापडतं, असं एक दिवस विचारलंच. ते म्हणाले, यांच्याकडे पैसे नव्हते हेच यांचं भाग्य. देखावे उभारायची ऐपत नाही, म्हणून बिचारे गावाबाहेर जाऊन खऱ्या डोंगरापुढे उभे राहत. “मिशा खोट्या, गोळ्या खोट्या, रडणंसुद्धा खोटं. मागचा दगड तेवढा खरा. त्याला अभिनय येत नाही.”

हा नाद लागला तो काकू गेल्यावर. गेल्या म्हणजे पुण्याला गेल्या. दोन हजार अकराच्या त्या भूकंपाने क्योतोला फारसं हलवलं नव्हतं, पण टीव्हीवरची दृश्यं, अणुभट्टीच्या बातम्या आणि पुण्याहून तासातासाला येणारे फोन यांमुळे काकूंनी अन्नपाणी टाकलं. चौथ्या दिवशी त्या ‘आठ दिवस जाऊन येते’ म्हणून निघाल्या, आणि त्या आठ दिवसांची दोन वर्षं झाली. कुणी पुण्याला निघालं की काका त्याच्या बॅगेत एखाद्या संचाची जादा प्रत कोंबत. मग दर रविवारी दुपारी दोघं कॉम्प्युटरवर समोरासमोर बसत, एक-दोन-तीन म्हणत आणि इकडे-तिकडे एकदमच तोच चित्रपट लावत. काका खडक बघायचे, काकू नायक बघायच्या. त्यातल्या गाणाऱ्यावर त्यांचा फार जीव. शेवटी तो एकटाच गाव सोडून निघाला की काकू डोळे पुसायच्या आणि मग दर वेळी विचारायच्या, मी परत आले तर तिथे पुन्हा भूकंप होईल का? आणि हा सद्गृहस्थ दर रविवारी सांगायचा, “होईल. कधी, ते सांगता येत नाही.”

एका रविवारी मी तिथे होते. काकू पडद्यावरून गेल्यावर मी काकांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, बायको परत यायला हवीय ना? मग ‘नाही होणार’ एवढं म्हणायला तुमच्या जिवावर का येतं? काकांनी त्या नकाशाची दुमडलेली कड बोटाने सरळ केली.

“हवीय गं. घर खायला उठतं,” ते म्हणाले. “पण तिने मला विचारलंय. मीच खोटं सांगितलं, तर मग तिने विचारायचं कुणाला?”

मला स्वतःचीच लाज वाटली, आणि मी उठून चहा टाकला.

पुढच्या शरद ऋतूत काकू आल्या, दोन मोठ्या बॅगा आणि भाजणी घेऊन. परतीचं तिकीट काढलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात त्यांना गाठून विचारलं, अहो काकू, एवढा धीर कुठून आणलात? काकू भाजणीत पाणी घालत म्हणाल्या की तिकडे जो तो सांगत होता, काही होणार नाही. भाऊ सांगत होता, ज्योतिषी सांगत होते, तिकीट काढून देणारी बाईसुद्धा सांगत होती.

“त्यांतल्या एकालाही काही कळत नाही,” काकू म्हणाल्या. “ज्याला कळतं तो एकटा ‘होईल’ म्हणत राहिला. मग म्हटलं, भीती वाटायचीच आहे, तर ती ह्यांच्याशेजारी बसून वाटू दे.”

आता आम्ही राजधानीतल्या तोयोसुला राहतो, बाविसाव्या मजल्यावर. जमीन हलायची थांबली तरी आमची इमारत डुलत राहते. परवा असंच झालं, दिवा हलायला लागला, आणि मी नवऱ्याकडे बघितलं. लॅपटॉपवरची नजर न काढता तो म्हणाला, “काही होत नाही गं.” माझ्यावरच्या मायेनेच म्हणतो, मला माहीत आहे. मी मान डोलावली, टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिले, आणि मला काकूंचा फार हेवा वाटला.