बिनगावाचा मासा

"जुन्या चिठ्ठ्या कुठे आहेत?" प्रोफेसरबाई ओरडत होत्या. आमच्या बॉनच्या इन्स्टिट्यूटच्या तळघरात शंभर वर्षं अल्कोहोलमध्ये पडलेले सापसुद्धा कूस बदलतील असा तो आवाज. त्यांच्या हातात एक बरणी होती, बरणीत नखाएवढे अकरा मासे आणि एक कोरा कागद. अल्कोहोलला फिकट निळा रंग चढला होता. तो रंग म्हणजे माझं अक्षर.

मी सांगितलं, चिठ्ठ्या आल्टपापिअरमध्ये टाकल्या. कागद कागदाच्या डब्यात, हे मी जर्मनीत आल्यावर पहिल्या आठवड्यात शिकलो होतो. तो डबा मागच्याच महिन्यात रिकामा झाला होता.

मासे एका म्हाताऱ्या गृहस्थांचे. पोस्टातून निवृत्त झालेले, घरात इतकी मत्स्यालयं की बायको म्हणे पाय ठेवायला जागा नाही म्हणून निघून गेली. पंधरा वर्षांपूर्वी रजा साठवून ते दक्षिण अमेरिकेत गेले, गुडघाभर पाण्यात उभं राहून दोन ओढ्यांतले मासे पकडले आणि बरण्या आम्हाला देऊन टाकल्या. त्यांतल्या एका बरणीतला मासा नवा निघाला. म्हणजे तो नवा आहे हे मी शोधून काढलं: पाठीवरच्या पराचे काटे, अंगावरचे खवले, एकेका माशाचे तीन-तीन वेळा मोजून. पुढे आमटीतली मोहरीसुद्धा मी रांगेने मोजायला लागलो होतो.

जातीला म्हाताऱ्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. तसं मी त्यांना सांगूनही बसलो होतो. त्यांना यकृताचा कर्करोग होता आणि डॉक्टर वसंताच्या पुढचं काही बोलत नव्हते. गडी प्रत्येक फोनला एवढंच विचारायचा, छापून कधी येणार?

आता माझं कर्तृत्व. मासा कुठल्या ओढ्यातला ते सांगणाऱ्या त्यांच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने खरडलेल्या, पिवळ्या, कडा कुरतडल्यासारख्या. पुण्याला आमच्या कॉलेजात चिठ्ठी बरणीच्या बाहेर चिकटवायचे, वाटेल त्या पेनने. आणि माझं अक्षर असं की शाळेत मुख्याध्यापक माझ्याकडून सूचनाफलक लिहून घ्यायचे. तेव्हा मी एका दुपारी सगळ्या चिठ्ठ्या जेलपेनने सुरेख उतरवल्या आणि आत सोडल्या. अल्कोहोलमध्ये शाई विरघळते, पेन्सिल नाही. जुनी चिठ्ठी कुजली तरी काढायची नाही, तिच्या शेजारी नवी ठेवायची. हे इन्स्टिट्यूटचा झाडूवालाही जाणतो. बरण्या नोंदवहीत चढवण्याचं कामही माझंच होतं. ते मी अक्षर वाळल्यावर करू म्हणून ठेवलं, आणि मग नाताळची सुट्टी लागली.

मासा कुठल्या पाण्यातला ते ठाऊक नसेल तर नव्या जातीचं वर्णन कोणी छापत नाही. बाई शेवटी हळू आवाजात म्हणाल्या, "जा. त्यांनाच विचारा. आणि खरं सांगा."

बाईंचं ओरडणं परवडलं असतं.

हॉस्पिटलात म्हातारे अर्धे उरले होते. मी खरं सांगितलं, म्हणजे जवळजवळ खरं. जेलपेन दोनदा सांगितलं, कचऱ्याचा डबा एकदाच. ते रागावले नाहीत. मी पलंगावर नकाशा पसरला. दोन ओढे, मध्ये दिवसभराची वाट. त्यांचं बोट एकावर गेलं, तिथे थांबलं, दुसऱ्यावर गेलं.

"काठावर एक बाई कपडे धूत होती," ते म्हणाले. "लाल बादली."

"कुठल्या काठावर?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, वही ठेवली नव्हती, कशाला ठेवायची, सगळं बरणीत होतं.

आता इथे मी जे केलं ते बाईंना कधी सांगितलं नाही. त्या दोन ओढ्यांपैकी खालचा आता धरणाच्या पाण्याखाली होता. मी खुर्ची पुढे ओढली, आणि आयुष्यभर थापा मारून कमावलेलं सगळं कौशल्य पणाला लावलं. म्हटलं, लाल बादली खालच्याच ओढ्यावर असणार, गाव तिथे जवळ आहे. म्हटलं, तुम्ही नुसतं हो म्हणा. तिथे जाऊन कोणी तपासू शकत नाही, मासा तर मासाच आहे, आणि मी रात्रंदिवस बसलो तर मार्चच्या आत तुमचं नाव छापून तुमच्या हातात देतो.

नर्स येऊन सलाइन बदलून गेली.

"तुम्हाला माहीत आहे का, तो कुठला आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले. "मग नका लिहू."